लेफ्ट बॅकच्या हातावरचं दही

माझ्या घरी फुटबॉल खेळणारी एक अमेरिकन मुलगी राहायची, असं मी कोणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: नाव काय? नाव मी सांगत नाही. सांगितलं की लोक लगेच फोन काढून तिचे गोल शोधायला लागतात, आणि ती गोल करणारी नव्हतीच. ती लेफ्ट बॅक. मैदानाच्या डाव्या कडेनं पळायचं, समोरून येणारीला अडवायचं, जमलं तर पुढे जाऊन बॉल द्यायचा आणि पुन्हा धावत मागे यायचं. तिच्या खेळातलं मला एवढंच समजायचं, आणि तेवढं पुरायचं.

ती आली लेकीमुळे. नवरा गेल्यावर मँचेस्टरच्या या सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्यांशी जोडलेल्या घरात मी एकटीच उरले. लेक एडिनबराला नोकरी करते. तिचा जन्म इथलाच. मराठी आवडीनं बोलते, पण मराठीशी तिचं पुरतं जमलं असं काही म्हणता यायचं नाही. एका रविवारी फोनवर म्हणाली, "आई, तुझा वरचा रूम रिकामा आहे. माझी फ्रेंड तिथल्या एका फुटबॉल क्लबमध्ये काम करते. त्यांना न्यू प्लेयर्ससाठी होस्ट फॅमिली पाहिजे. तू एकटा राहू नको ना."

"फॅमिली कुठे आहे इथे?" मी म्हणाले.

ती गप्प झाली. दुसऱ्याचं तोंड बंद होईल असं काहीतरी मी बोलते आणि मग त्या शांततेत मलाच कसंतरी होतं. त्या शांततेला घाबरूनच मी हो म्हणाले.

क्लबची बाई घर बघायला आली. तिनं माझं देवघर कौतुकानं पाहिलं, पण बाथटब त्याहून जास्त निरखून पाहिला. त्याचं कारण नंतर कळलं. मॅचनंतर आमची लेफ्ट बॅक त्यात बर्फाच्या पिशव्या रिकाम्या करून बसायची, आणि खाली स्वयंपाकघरात मला तिचे दात वाजलेले ऐकू यायचे. खिडकीला काळे जाड पडदे लागले, फ्रिजवर आहाराचा तक्ता चिकटला. तक्त्यात काय खायचं ते सगळं होतं, फक्त खावंसं वाटेल असं काही नव्हतं.

मुलगी नेब्रास्काची. सोनेरी केस, गुडघ्यावर जुन्या ऑपरेशनचा व्रण, आणि उठता बसता 'मॅम'. आठवडाभर मी ते ऐकून घेतलं. मग सांगितलं की मला काकू म्हण. तिनं ते दोनदा घोळवून बघितलं आणि पुढे कधी चुकली नाही. खरं तर तिला क्लब एकटीला फ्लॅट देत होता. तिनंच घर मागितलं होतं. "रात्री पायऱ्यांवर दुसऱ्या कोणाचा तरी आवाज यायला हवा," ती म्हणाली. तिची भाषा अर्थातच इंग्रजी, पण आता मला ती माझ्याच भाषेत आठवते.

मला वाटायचं, हिला काय, भाषा तीच, कातडीचा रंग तोच, ही इथे सहज मिसळून जाईल. तसं झालं नाही. इथल्या मुली लहानपणापासून क्लबमध्येच वाढलेल्या. ही कॉलेजची चार वर्षं स्कॉलरशिपवर खेळून आलेली. ती फुटबॉलला अमेरिकेतल्यासारखं 'सॉकर' म्हणाली की ड्रेसिंग रूममध्ये हशा पिकायचा. तिनं तो शब्द तिथे टाकून दिला, माझ्या स्वयंपाकघरात मात्र बिनधास्त वापरायची. नोव्हेंबरमध्ये तिच्याकडचा सगळ्यात मोठा सण आला, घरोघरी माणसं टर्कीभोवती जमतात तो. इथे तो साधा गुरुवार. ती पावसात सराव करून आली, बूट मागच्या पायरीवर धुतले आणि फोनवर आईवडिलांचं भरलेलं टेबल बघत उभ्याउभ्याच ओट्स खाल्ले. मी पुरणपोळी केली. पोळीचा आणि त्या सणाचा संबंध काय, हे तिनं विचारलं नाही. दोन पोळ्या तूप घालून खाल्ल्या आणि तक्त्याकडे पाठ करून तिसरी मागितली. मला माझी इथली पहिली दिवाळी आठवली. कामावरून आले होते आणि कुकरची शिट्टी ऐकून रडले होते.

बुधवारी टीव्हीवर पुरुषांच्या युरोपातल्या मॅच असायच्या. आमच्या नवऱ्याला क्रिकेटशिवाय काही दिसायचं नाही, त्यामुळे हा खेळ माझ्या सोफ्यावर नवीनच. इटलीचा क्लब असो की स्पेनचा, ही आधी त्यात अमेरिकन किती ते शोधायची. "तो टेक्सासचा," "तो गोलकीपर माझ्या चुलत भावाच्या कॉलेजचा," "हा आपला, काकू, हा आपला." बेंचवर बसलेला दिसला तरी तिला पुरायचं. त्यातला एखादा आत आला की ती उशी छातीशी धरून बसायची, आणि त्यानं बॉल घालवला की आपलंच काही चुकल्यासारखी माझ्याकडे बघायची. मला हसू यायचं. ट्रॅममध्ये मागच्या सीटवर कोणी मराठीत बोललं की मीही अशीच कान टवकारते. ओळख काढायचं धाडस होत नाही. नुसतं ऐकते, आणि ती माणसं उतरली की उगीच ओकंबोकं वाटतं.

त्या वर्षी तिचा क्लब युरोपातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत होता. शनिवार-रविवारच्या मॅच वेगळ्या आणि ही स्पर्धा वेगळी, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. पहिल्या मॅचला निघाली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बूट घातले, काढले, पुन्हा घातले. माझ्यातली आई म्हणा, बाई म्हणा, तिला राहवलं नाही. मी बॉयलरच्या कपाटातून दह्याचं भांडं काढलं. इथल्या थंडीत दही ओट्यावर लागत नाही, म्हणून ते टॉवेल वाळवायच्या त्या गरम कपाटात ठेवावं लागतं. तिचे मोजे आणि माझं दही शेजारीशेजारी असायचं. चमचाभर दही, वर साखर.

"उजवा हात पुढे कर. डावा त्याच्याखाली."

तिनं केला. मी तळहातावर दही ठेवलं. तिनं चाटून खाल्लं आणि विचारलं, "हे कशासाठी? लक?"

मी हो म्हणाले. दारात टॅक्सी उभी होती, आणि आपल्याकडचं सगळं समजावून सांगायचा मला कंटाळा येतो. खरं तर आमच्या घरी दही जिंकण्यासाठी देत नसत. बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातावर मागे राहणाऱ्या माणसानं ते ठेवायचं. जाणाऱ्यानं सुखरूप परत यावं, एवढंच त्याचं मागणं.

त्या दिवशी तिला शेवटची काही मिनिटं खेळायला मिळाली. तेवढ्यात तिनं पुढे दिलेल्या बॉलवर तिच्या टीमचा गोल झाला. मग काय विचारता. खेळाडूंची जात एक नंबरची अंधश्रद्धाळू. कोणी डावा मोजा आधी घालतं, कोणी मैदानात पाय ठेवताना लंगडी घालतं. आमच्या बाईला दही लागायला लागलं. एकदा मला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सकाळची ड्यूटी होती. मी वाटी झाकून ठेवली आणि निघाले. बसस्टॉपपर्यंत पोचते तर ही ट्रॅकसूटमध्ये, हातात वाटी घेऊन मागे धावत आली. "स्वतःच्या हातानं घेतलं तर चालत नाही ना, काकू?"

"नाही चालत," मी म्हणाले, आणि भर रस्त्यात तिच्या हातावर दही ठेवलं. बसची रांग आमच्याकडे बघत होती. तेव्हा कुठे मी तिला खरं काय ते सांगितलं, की हे लकसाठी नाही, परत येण्यासाठी आहे.

ती विचार करून म्हणाली, "म्हणजे हे मॅचसाठी नाहीच. घरासाठी आहे."

त्या डिसेंबरात मी दोन आठवड्यांसाठी पुण्याला भावाकडे जायला निघाले. टॅक्सी पहाटेची. तिला त्या दिवशी सराव होता, झोप मोडायची नव्हती, म्हणून मी पावलं न वाजवता खाली उतरले. तर ही स्वयंपाकघरात दिवा लावून उभी, केस विस्कटलेले, हातात दह्याचं भांडं. तिनं माझ्या हातावर एवढं मोठं डबकं ठेवलं की ते बोटांमधून कोटाच्या बाहीत गेलं. साखर घालायला विसरलीच. मी ते आंबट दही खाल्लं आणि बाही तशीच ओली घेऊन विमानात बसले. नवरा गेल्यापासून मला कोणी दही दिलं नव्हतं. द्यायला घरात कोणी लागतं. मी जाताना माझ्यामागे दार लावून घेणारं कोणीतरी होतं, याचंच मला अर्धा रस्ता अप्रूप वाटत राहिलं.

परत आले आणि महिन्याभरात ती गेली.

या लोकांत जानेवारीत खेळाडूंची देवाणघेवाण चालते. महिनाभर नुसत्या अफवा, आणि मग एका दुपारी सगळं ठरून जातं. जर्मनीतल्या एका क्लबला लेफ्ट बॅक हवी होती. तिथे ती रोज खेळणार होती, बाकावर बसणार नव्हती. तिच्यासाठी ते सोनं होतं. मी लॅबमध्ये होते, फोन लॉकरमध्ये. संध्याकाळी घरी आले तर वरची खोली रिकामी. पडदे उघडे, गादीवर चादर घडी करून ठेवलेली, बाथटब घासून लख्ख. क्लबची बाई येऊन तिला सामानासकट घेऊन गेली होती. कपाटात दह्याशेजारी एक मोजा तेवढा राहिला होता.

तेवढ्यात तिचा फोन आला, विमानतळावरून. मागे घोषणा चालू होत्या.

"काकू, दही राहिलं."

"अगं, घाईत होतीस," मी म्हणाले. "काही होत नाही."

 ती रडत होती की धावल्यामुळे तिला दम लागला होता, मला सांगता येणार नाही. फोन ठेवला आणि मी सबंध भांडंभर दही समोर घेऊन बसले. मी लॅबमध्ये काम करणारी बाई, रक्ताच्या नमुन्यांवर विश्वास ठेवणारी. तरी मनात तेच येत राहिलं. ही मुलगी माझ्या घरातून दह्याशिवाय गेली. आता परत येणार नाही.

सुरुवातीला तिचे निरोप रोज यायचे. मग मॅच असेल तेव्हा. मग फोटोला अंगठा. मला राग येत नव्हता, असं म्हटलं तर खोटं ठरेल. राग यायचा, आणि मग स्वतःलाच विचारायची, बाई, तू तिची कोण? क्लब दर महिन्याला तुला भाडं देत होता. तू तिचं घर होतीस की तिची खोली? या प्रश्नाचं उत्तर मला हवं होतं, आणि ते एका तिच्याकडेच होतं. ट्रॅममध्ये, पिपेट धुताना, भाजी निवडताना तेच डोक्यात. लेकीनं दुसरी खेळाडू ठेवायचं सुचवलं. मी म्हणाले, बाथटब गळतो.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर त्याच युरोपातल्या स्पर्धेत कोण कोणाशी खेळणार याच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि तिचा जर्मन क्लब नेमका आमच्या शहरातल्या तिच्या जुन्या क्लबविरुद्ध आला. मला कळायच्या आधीच लेकीचा फोन. "आई, ती येणार! ती नक्की घरी येणार, तू बघ." मी लगेच निरोप पाठवला, जेवायला ये, पुरणपोळी करते. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. टीम आदल्या संध्याकाळी येणार, हॉटेलातच राहायचं, मॅच संपली की थेट विमान. बाहेर पडायची परवानगी नाही. 'पण मी तुम्हाला शोधीन. तुम्ही कुठे बसाल?'

मी अगदी पुढच्या रांगेचं तिकीट काढलं, खेळाडू आत जातात त्या बोगद्याच्या जवळ. आदल्या दिवशी दही लावलं. हॉस्पिटलमधून अर्धी रजा घेतली. निघताना स्टीलच्या छोट्या डब्यात घट्ट दही भरलं, साखर कागदात वेगळी, चमचा रुमालात. मागच्या वेळी राहिलं होतं ते या वेळी द्यायचं, एवढंच डोक्यात होतं. आपण निघालोय कुठे, तिथे चालतं काय, याचा विचारसुद्धा केला नाही. फुटबॉलच्या मैदानावर डबा घेऊन जायचं आमच्यासारख्यांनाच सुचावं.

गेटवर पिशव्या तपासत होते. पिवळ्या जाकिटातले एक गृहस्थ, साठीच्या पुढचे, टक्कल थंडीनं लाल झालेलं. त्यांनी डबा हलवून बघितला.

"यात काय आहे, लव्ह?" इथे अनोळखी बाईलाही असंच म्हणतात.

"योगर्ट."

"धातूचा डबा आत नेता येत नाही. फेकून मारतात लोक."

"मी कशाला फेकू?"

"तुम्ही नाही हो. पण नियम आहे. इथेच खाऊन टाका ना."

"माझ्यासाठी नाहीये," मी म्हणाले. माझा आवाज चिरकला असावा, कारण त्यांनी डबा कचऱ्यात टाकला नाही, टेबलाखाली आपल्या फ्लास्कशेजारी ठेवला. "जाताना घेऊन जा. मी इथेच आहे." चमचाही ठेवून घेतला. साखरेची पुडी उघडून, वास घेऊन परत दिली.

आत माझ्या आजूबाजूला सगळे यजमानांच्या रंगातले स्कार्फ. पाठिंबा कोणाला द्यायचा हे मी ठरवलंच नव्हतं. ती पहिल्यापासून मैदानात होती. पहिला अर्धा भाग तिची डावी बाजू माझ्या पलीकडे, लांब. दुसऱ्या भागात ती माझ्यासमोर आली, इतकी जवळ की तिचा श्वास ऐकू येत होता. गुडघ्याला पट्टी होती. ती नवीन होती. पट्टी का, कधीपासून, मला काहीच माहीत नव्हतं. एकदा ती त्याच डाव्या कडेनं, आमच्या क्लबात असताना धावायची तिथूनच, सुसाट पुढे गेली, बॉल आत दिला आणि तिच्या क्लबचा गोल झाला. अख्ख्या स्टँडनं कपाळाला हात लावला. मी एकटी उभी राहून टाळ्या वाजवत होते. शेजारचा माणूस म्हणाला, "चुकीच्या बाजूला बसलात वाटतं." मी म्हणाले, "हो." मॅच एक-एक अशी बरोबरीत सुटली.

मग खेळाडू कठड्याजवळून चालायला लागल्या. लहान मुलींची झुंबड उडाली, पुठ्ठ्यांवर नावं लिहिलेली, शर्ट मागणाऱ्या. माझी उंची ती काय. मी कोपर मारत कठड्याशी गेले. वय झालेल्या बाईला हे शोभत नाही, पण मी मारलं. ती एकेक सही करत येत होती. माझ्यासमोर आली, डोकं वर केलं आणि थांबली.

"काकू."

कठड्यावरून वाकून तिनं मला घट्ट मिठी मारली. घामाचा, गवताचा आणि दुसऱ्याच कुठल्या साबणाचा वास आला. मग ती सरळ उभी राहिली, आणि काही न बोलता तिनं उजवा हात पुढे केला, डावा त्याच्याखाली. तळहात वर.

वर्षभर जे विचारत होते, त्याचं उत्तर ते होतं. आणि माझ्या खिशात नुसती साखर.

"गेटवर ठेवून घेतलं," मी म्हणाले. "आत आणू देत नाहीत."

तिला गोंगाटात नीट ऐकू आलं नाही. तिनं हात तसाच धरला. मी खिशातली पुडी काढायला लागले. बोटं गारठली होती, कागद सुटेना. तेवढ्यात माझ्या काखेखालून एक मुलगी पुढे घुसली आणि तिनं त्या उघड्या तळहातावर आपलं मार्कर पेन ठेवलं. माझ्या लेफ्ट बॅकनं पेनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसून त्या मुलीच्या शर्टवर सही केली. दुसरा शर्ट आला. तिसरा आला. मागून कोणीतरी जर्मनमध्ये हाक मारली. जाताना ती वळून म्हणाली, "पुढच्या वेळी, काकू," आणि बोगद्यात गेली.

मी बराच वेळ तिथेच उभी होते. माणसं निघून गेली. पुडी शेवटी सुटली होती. साखर मुठीत चिकट झाली होती.

गेटवर ते गृहस्थ खरंच थांबले होते. त्यांनी डबा, चमचा काढून दिला. "भेटली का, जिच्यासाठी आणलं होतं?"

"भेटली," मी म्हणाले. "द्यायचं राहिलं."

डबा उघडून पाहिला. दह्याला पाणी सुटलं होतं, पण बाकी चांगलं घट्ट होतं. घरी नेऊन मी ते कोणाला देणार होते? उद्या सकाळी कामाला निघाले की माझ्यामागे दार लावून घ्यायला कोण होतं? मी डबा आणि चमचा त्यांच्यापुढे धरला. माझं मलाच नवल वाटलं.

"एक चमचा माझ्या हातावर ठेवता का? स्वतः घेतलं तर चालत नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. वेडी समजले असतील, पण तसं दाखवलं नाही. हातमोजा काढला, चमचाभर दही घेतलं, सांडू नये म्हणून दुसरा हात खाली धरला आणि ते माझ्या साखरेनं चिकट झालेल्या तळहातावर हळूच ठेवलं. मी त्यांच्यासमोरच ते खाल्लं.

"हे कशासाठी असतं?" त्यांनी विचारलं.

"लांब जाणाऱ्या माणसाला देतात."

"असं होय. कुठे निघालात, लव्ह?"

"घरी," मी म्हणाले.